कुंकवाला खाली बसलेल्या बायका
भिजवलेल्या हरभऱ्यांचा वास आला की डोंबिवलीतलं बावन्न-त्रेपन्न सालचं चैत्रातलं हळदीकुंकू आठवतं. त्याच्या महिनाभर आधी आई विहिरीच्या पायरीवरून उजव्या खांद्यावर पडली होती. हाड शाबूत होतं. मी बोट दिलं की ती घट्ट धरायची, पण दंड नुसता लोंबायचा. मला याचं भारी नवल वाटायचं. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "दुखणं मानेत आहे, बाळ. खांदा उचलणाऱ्या नसा तिथून निघतात, त्यांना हिसका बसलाय. बोटांच्या नसा त्याखालच्या, त्या वाचल्या." हळदीकुंकवाला बायका आल्या, आईने चिमटीत कुंकू घेतलं आणि हात मांडीपाशीच राहिला. डाव्या हाताने कुंकू लावायचं तरी कसं? तिचे डोळे भरले. तेवढ्यात शेजारच्या काकू चटकन तिच्यापुढे खाली बसल्या. "बोटं चालतात ना, वहिनी? मग कपाळ मी आणते खाली." कुंकू अगदी गोल उमटलं. मागोमाग सगळ्याजणी बसल्या. वर्षभरात आईचा हात वर जाऊ लागला, तरी आमच्या चाळीतल्या बायका तिच्याकडून कुंकू बसूनच लावून घ्यायच्या. अजूनही कुणी कुंकवाचं बोट पुढे केलं की आधी माझे गुडघे वाकतात.