मामीसाठी ब्लू-रे प्लेअर

आमच्या मामाची नक्कल घरात सगळ्यांना येते, कारण तिला फक्त सूर लागतो. "हे पहिलं" हे सपाट, जमिनीवरून पोतं ओढल्यासारखं म्हणायचं, आणि "का हेऽ दुसरं?" म्हणताना आवाज एक पायरी वर चढवायचा. झाला मामा तयार. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम ठेवून, तिच्यात काचा सरकवत तो हेच विचारत आलाय. सदऱ्याचं कापड घेताना हेच, भिंतीचा रंग ठरवताना हेच. लग्नाच्या वेळी मुलीही त्याने अशाच पाहिल्या असणार, असं आई म्हणते. त्यावर मामीचं उत्तर ठरलेलं: "मी पहिली होते का दुसरी, ते अजून सांगितलेलं नाही त्यांनी."

मामी म्हणजे दुकानाची चालतीबोलती जाहिरात. गिऱ्हाईक कुरकुरलं, की मामा काउंटरमागे बोट दाखवायचा. "आमच्या हिच्याकडे बघा. पन्नाशी उलटली, पण नंबर? शून्य!" मामी हातातलं फडकं थांबवून, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखी हसायची. दर सहा महिन्यांनी मामा तिला खुर्चीत बसवायचा आणि ती समोरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायची.

गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा तक्रार केली. "अहो, पिक्चर हल्ली काळपट दिसतो."

मामाने त्याच संध्याकाळी डोळे तपासले. तक्ता खडाखड वाचून झाला. म्हणजे खोट टीव्हीत! मोठा टीव्ही आला. तरी काळपट. मग मामाला साक्षात्कार झाला. "अगं, टीव्ही बिचारा काय करणार? पोटात जे घालू तेच तो दाखवणार. आपलं डिस्कचं मशीन बाबा आदमच्या काळातलं!" एकदा डोक्यात घेतलं, की मामा थांबत नाही. मागच्या खोलीतली फ्रेमांची खोकी हलवली, जाड काळे पडदे लावले, चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मध्ये एक. होम थिएटर! मामी दोन वर्षं थिएटरात आली नव्हती. डोकं दुखतं म्हणायची. आता तिला घरीच असा पिक्चर दाखवायचा, की तिने म्हणावं, अहो, किती स्वच्छ! उरलं होतं फक्त डिस्कचं नवं मशीन, ब्लू-रे प्लेअर. तो निवडायला तिलाच घेऊन गेला.

दुकानातल्या सेल्समनला श्वास घ्यायची सवय नव्हती. "या सर बसा मॅम हाय डेफिनिशन सर एकदम हिरोच्या नाकावरचा घाम मोजून घ्या सर!"

"इतका घाम येतोय तर पंखा लावा की त्याला," मामी म्हणाली.

एकाच टीव्हीला दोन प्लेअर जोडलेले होते. दोन्हींत एकच पिक्चर, रिमोटने इकडचा नाहीतर तिकडचा लावायचा. सेल्समनने तोंड उघडलं, तेवढ्यात मामाने हात वर केला. "तुम्ही फक्त बटण दाबा. विचारायचं काम माझं."

मामी सोफ्यावर. मामा तिच्या मागे. "हे पहिलं... का हेऽ दुसरं?"

"दुसरं."

"बरं. आता हे दुसरं... का हेऽ पहिलं?"

"पहिलं. एकदम लख्ख."

उत्तरं फार पटापट येत होती. मामाच्या धंद्यात अशा गिऱ्हाइकासाठी एक युक्ती असते: काच बदलल्यासारखं करायचं, खटका वाजवायचा आणि तीच काच पुन्हा ठेवायची. डोळ्याने बघणारा माणूस म्हणतो, सारखंच आहे हो. मामाने सेल्समनला खूण केली, दाबू नको. टीव्हीवर तेच चित्र राहिलं.

"हे पहिलं... का हेऽ दुसरं?"

"दुसरंच. किती फरक आहे!"

सेल्समन फिसकन हसला. मामाकडे बघितल्यावर त्याने हसू आवरलं. मामाने पुन्हा विचारलं, या वेळी पहिल्यावर आवाज चढवून. मामी म्हणाली, "पहिलं."

पुढचा प्रश्न आला नाही, तेव्हा तिने विचारलं, "चुकलं का हो?"

मामा पुढे येऊन तिच्या शेजारी बसला. "काय दिसतंय तुला?"

"दोन्हीत काळपटच दिसतंय. मधलं जरा बरं. कडेचं नाही." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमच्या आवाजात कळतं हो. तुमच्या मनात जे असतं, त्याला तुम्ही वर उचलता."

"आणि तक्ता?"

"रोज पुसते मी तो. पाठ झालाय. कितीदा वाचायचा?" आणि मग अगदी हळू, "तुम्ही एवढं कौतुकाने सगळ्यांना सांगायचात."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. नस सुकत आली होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळू, म्हणाल्या. फाइलवर लिहिता लिहिता सहज विचारलं, "आतापर्यंत तपासत कोण होतं?"

"मी," मामा म्हणाला. त्या एका अक्षराला कसलाच सूर नव्हता.

पुढे महिनाभर तो दुकानात 'पहिलं' आणि 'दुसरं' एकाच पट्टीत म्हणत राहिला. गिऱ्हाइकं विचारायची, "घसा बसलाय का हो?" जरा शंका आली, की तो चिठ्ठी लिहून माणसाला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळायचा. आमच्याकडे त्याची नक्कल बंद झाली. कुणी कुणाला बंद कर असं म्हटलं नाही.

प्लेअरचं नाव मामीनेच पुन्हा काढलं. "खोली रिकामी केलीत, पडदे लावलेत. तिथे काय आता मी रुसून बसू? मधलं दिसतंय अजून. ते बघून घेते, तोवर."

त्याच दुकानात, त्याच सोफ्यावर. सेल्समन या वेळी शब्द सुटे सुटे करून बोलत होता. मामीने टीव्हीकडे फारसं पाहिलंच नाही. दोन्ही रिमोट मांडीवर घेतले आणि डोळे मिटून बटणांवरून अंगठा फिरवत बसली. मग प्लेअरची तोंडं चाचपली, डिस्कचा कप्पा बाहेर काढला, आत ढकलला, पुन्हा काढला. मामा बाजूला ओठ घट्ट मिटून उभा होता.

"अहो, बोला की काहीतरी."

मामाने जोरात मान हलवली. तो तिच्या कडेला होता. तिला ते दिसलं नाही.

"सर नाही म्हणतायत, मॅम," सेल्समन म्हणाला.

"बरं," मामी म्हणाली, आणि पहिल्या रिमोटवरून पुन्हा सावकाश अंगठा फिरवू लागली. दुकानात कितीतरी गिऱ्हाइकं येऊन गेली. मामाने तिला घाई केली नाही. तो तिच्या समोर, बरोबर मध्ये येऊन उभा राहिला.