काष्ट्यात अडकलेल्या अक्षता

मागच्या मंगळवारी दुपारी शिळफाट्याच्या कुरिअरवाल्याने दारात एक पार्सल टेकवलं. म्हणाला, "ताई, रिटर्न आलंय." माझं तोंडच कडू झालं...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी खोपोलीत घरीच शिवलेल्या नऊवारी करते. निऱ्या, काष्टा सगळं शिवून तयार, नुसते पाय घालून चढवायची. सोबतीला रेहानाभाभी असतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, पण हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल करत नाही.

आम्ही ज्या अ‍ॅपवर विकतो त्याचा एक नियम आहे. तीन तक्रारी ग्राहकाच्या बाजूने गेल्या की आपलं दुकान बंद. माझ्या दोन झाल्या होत्या. एकीत चूक माझीच, काठ उलटा लागला होता. दुसरीत बाईंनी साडी ठेवून घेतली आणि रिकामा डबा परत पाठवला... आणि अ‍ॅपने त्यांचंच ऐकलं!

ही तिसरी. जांभळी, हिरव्या काठाची. कारण लिहिलं होतं, रंग फोटोसारखा नाही, घालूनही पाहिली नाही, पैसे परत हवेत.

साडी उलगडली आणि पाहतच राहिले. पाठवताना निऱ्या हलू नयेत म्हणून आम्ही लाल दोऱ्याने कच्चा टाका मारतो, नेसण्याआधी तो उसवायचा असतो. टाका गायब! काष्टा झटकला तर आतून तांदूळ सांडले... कुंकू लावलेले. अक्षता हो! पदराला अत्तराचा वास येत होता तो वेगळाच.

डोकं असं सणकलं म्हणून सांगू! चोर तो चोर, वर शिरजोर. फोटो काढून अ‍ॅपला पाठवले, तर "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असं मशीनचं उत्तर आलं. मग म्हटलं, थांब, हिचं नाव, गाव, प्रोफाइल सगळं फेसबुकवरच टाकते. पोस्ट लिहूनही झाली होती, चांगली झणझणीत.

रेहानाभाभींनी शिलाई थांबवली. "तिची बदनामी करून आपलं दुकान वाचनार हाय का गं? आदी तिला इचार तरी."

चोराला काय विचारायचं, असं पुटपुटत मी झाडू घ्यायला उठले. तोवर भाभी खाली बसून त्या अक्षता एकेक करून वेचत होत्या. कागदाची पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "कुनाच्या तरी लगनाच्या हायत. केरात नाय टाकायच्या."

मला लाज वाटली. खरंच वाटली.

मग शिव्यांची पोस्ट पुसली आणि त्या ग्राहकाला अ‍ॅपवरच मेसेज केला. तुमच्याकडच्या लग्नाच्या अक्षता साडीत राहिल्यात, आशीर्वादाच्या आहेत म्हणून टाकवत नाहीत, कुठे पाठवू? आणि ही तक्रार राहिली तर आम्हा दोघींचं काम बंद पडेल, एवढं लक्षात असू द्या. खाली माझा नंबर दिला.

मेसेज वाचल्याचं दिसलं. उत्तर नाही. तास गेला, दोन तास गेले... म्हटलं, झालं, बसा आता हात चोळत.

संध्याकाळी फोन आला. कोवळा आवाज, कॉलेजातली असावी. बहिणीचं लग्न होतं, ही करवली. "ताई, माझ्या मैत्रिणी असंच करतात, घालायचं आणि परत पाठवायचं. मला वाटलं मोठी कंपनी असेल, त्यांना काय फरक पडतो... मागे कोणी बायका शिवत बसल्या असतील हे डोक्यातच आलं नाही हो." आणि रडायलाच लागली.

राग होता तो होताच माझा. पण तोंडातून वाकडा शब्द काही निघेना.

त्याच रात्री तिने तक्रार मागे घेतली. मी साडी इस्त्री करून, अक्षतांच्या पुडीसकट परत पाठवली. कुरिअरचा खर्च मात्र तिच्याकडूनच घेतला, एवढी काही मी संत नाही!

सगळेच असे फोन करत नाहीत, हेही कळतं मला. रिकाम्या डब्यावाल्या बाईंनी मला केव्हाच ब्लॉक केलंय. त्यामुळे घरून विकणाऱ्या बायांनो, पॅकिंगचा व्हिडिओ काढाच, आणि आलेलं रिटर्न उघडतानाचाही.

काल तिचा रिव्ह्यू आला. "बहिणीच्या लग्नात दिवसभर नेसले होते. रंग फोटोसारखाच आहे. परत पाठवायला नको होती, चूक माझी."

स्वतःच्या नावाने, सगळ्यांच्या देखत लिहिलं पोरीने. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मी तर तिला चोर म्हणून मोकळी झाले होते... थँक्यू गं बाई.