तोलेदोच्या नदीकाठी माझ्या मोजड्या

मूर्खपणाला व्हिसा लागत नाही हो! माझा तर भोपाळच्या शिवाजी नगरातल्या क्वार्टरमधून निघाला, तो थेट स्पेनला पोचला. हसा, हसा. मला अजून हसू येत नाही.

माझी लेक सई तिकडे तोलेदोला जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकली. गाव काय सांगू! खाली खोल दरीत नदीचा वेढा, वर टेकडीवर शेकडो वर्षांचे दगडी दरवाजे, बुरूज, कमानी. तिथेच नोकरी लागली तर पोरीला राहता येणार, नाहीतर गाशा गुंडाळून परत. त्या दिवशी तिची मुलाखत होती. मला नदीकाठच्या एका जुन्या चर्चपाशी सोडून म्हणाली, "आई, तासाभरात येते. आणि प्लीज, काही करू नकोस."

"मी काय करणारे गं?"

आता आत देव म्हटल्यावर पायातलं काढायला नको? पण मोजड्या नव्या, जरीच्या, खास चौक बाजारातून घेतलेल्या! तुम्हीच सांगा, आपण मंदिरात काय करतो? एक इकडे, एक तिकडे. जोडी नसली की चोर हात लावत नाही. म्हणून एक दाराशी ठेवली, दुसरी मागच्या बाजूला, नदीवरच्या कठड्यावर. आणि गेले अनवाणी आत, कमानी बघत.

बाहेर येते तर कठड्याशी ही गर्दी! पोलीस, शिट्ट्या, खाली पाण्यात होडी. मीही घुसले. शेजारच्या आजीबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली, कठड्याकडे बोट दाखवलं आणि हातानेच सांगितलं, कुणा बाईने खाली उडी मारली!

परकी भाषा समोर आली की माझी हिंदीच सुटते. "हाय राम! घर में कुछ हुआ होगा, अम्मा." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! कुणाची आई असेल बिचारी!

तेवढ्यात पोलिसाच्या हातात माझी मोजडी दिसली. तरी ट्यूब पेटली का? छे! मला वाटलं, चोर सापडला. ओरडले, "भैया, वो मेरी है!"

आणि गर्दी चिरत सई आली. मुलाखत शेजारच्याच इमारतीत, खोलीची खिडकी नेमकी नदीवर. कठड्यावरची जरी तिने ओळखली, आणि मुलाखत अर्धी टाकून पोरगी धावत सुटली होती. मला मिठी मारून हमसून रडली. मग तिने माझे अनवाणी पाय बघितले आणि रडायची थांबली.

परत मुलाखतीला गेली, पण तोंडातून धड शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी नकार आला. तो ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं, तेच जास्त टोचलं.

ती सामान भरत होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं. भोपाळला चल. तिकडे काय नोकऱ्या नाहीत?"

तिने बॅगेची चेन लावली.

"आहेत की. मंदिराबाहेर चपला सांभाळायच्या."