आत्या आणि विमानतळावरची बाई

कुणाला मारायचं झालं की आत्या आधी उजवा हात पदराला पुसायची. घाई न करता, पुढून आणि मागून. मुरबाडच्या जीपस्टँडवर रोज येणाऱ्याला ही खूण माहीत होती. तिचा हात पदराकडे गेला की तो दोन पावलं मागं सरकायचा. नवखा मात्र तिथंच उभा राहायचा, आणि त्याच्या कानाखाली आवाज निघायचा.

स्टँडसमोर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. धसईकडच्या काळ्या-पिवळ्या जिपा तिथून सुटत. कोणती जीप आधी भरायची, कोणी कुठं बसायचं, हे आत्या ठरवायची; आख्खा स्टँड तिला आत्याच म्हणायचा. पूर्वी हे काम तिचा नवरा करत असे. जीप उलटून तो गेला, तेव्हा ड्रायव्हर लोकांनी दया म्हणून तिला त्याच्या जागी उभी केली. महिनाभरात दया करणारेच तिला घाबरायला लागले.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी उतर, मंग बोल." नंबर सोडून घुसलेल्याला ती कॉलर धरून खाली ओढायची. शाळेच्या पोरीला चिमटा काढणाऱ्या एकाला तिनं केसाला धरून जिपेच्या दारावर आपटला. त्याचा पुढचा दात पडला. तो तिनंच उचलून त्याच्या खिशात घातला आणि पुढची जीप भरायला घेतली. तुमच्यापैकी कोणी त्या काळात तिथून गेला असाल, तर तुम्हीही तिचा मार बघितला असेल. बघायला बरा वाटायचा. आपल्याला पडत नाही तोवर मार बराच वाटतो.

एकदा तिचा हात चुकला. सिद्धगडाखालच्या पाड्यावरचा एक म्हातारा पुढच्या सीटवर बसला होता. तिनं दोनदा सांगितलं, तो हलला नाही. तिनं मारलं. टोपी चिखलात पडली. म्हाताऱ्यानं उतरून तिला हात जोडले आणि धसईच्या रस्त्याला चालायला लागला. त्याला ऐकू येत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती त्याची वाट बघायची. तो स्टँडवर पुन्हा आला नाही.

त्याच सुमारास माझ्या दुकानातल्या टीव्हीवर दुपारी एक परदेशी कार्यक्रम लागायचा. विमान कंपनीत काम करणारी माणसं आणि त्यांचे प्रवासी. नाटक नव्हतं, खरीच माणसं, खरीच भांडणं, वरून हिंदी आवाज दिलेला. आत्या पाणी प्यायला आली आणि तांब्या हातात धरून उभीच राहिली. पडद्यावर काउंटरमागच्या एका बाईला एक धिप्पाड माणूस शिव्या देत होता. विमान भरलं होतं, आणि ती त्याला दुसऱ्या विमानाची वेळ सांगत होती.

"हिचं पण सीट भरलंय व्हय," आत्या म्हणाली.

मग ती रोज यायला लागली. सुरुवातीला भांडण रंगलं की खूष व्हायची, त्या बाईला मारायला सांगायची. बाई काही मारत नसे. एकदा आत्यानं मला विचारलं, मारायचं नाही असा तिकडं कायदा आहे का. मी सांगितलं, मारलं तर नोकरी जाईल. 

"मंग तेवढा राग ती ठेवते कुठं रे, मेस्तरी?"

 ते एका भागात दिसलं. विमान चुकलेल्या एकानं हातातली बॅग त्या बाईच्या तोंडावर फेकली. भुवई फुटली. पोलीस त्याला घेऊन गेले. बाई आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून रडली, आणि भुवईला पट्टी लावून पुन्हा काउंटरवर आली. पुढच्या माणसाला तिनं नमस्कार केला. आत्या त्या दिवशी चहा न पिताच उठली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मारणं सोडलं. हात पाठीमागं बांधून उभी राहायची. एकजण घुसला तर म्हणाली, "तुमची अडचण समजली. पण नंबर हिचा हाय." आख्खा स्टँड हसला. मीही हसलो. महिना-दीड महिना हे चाललं. बायामाणसांना बरं वाटत होतं, ड्रायव्हर मात्र चेकाळले. सगळे ज्याला पैलवान म्हणत, तो तर नंबर नसताना जीप पुढं घ्यायला लागला.

एका बाजारच्या दिवशी त्यानं दुसऱ्याच्या नंबरावर अठरा माणसं भरली. आत्या जिपेसमोर जाऊन उभी राहिली. मागं घे, एवढंच म्हणाली. पैलवान खाली उतरला तो चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊनच. पहिला फटका तिच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी दुकानात ऐकला. दुसरा डोक्यावर बसला. ती गुडघ्यावर आली, तेव्हा त्यानं लाथ घातली. जिपेतली अठरा माणसं काचेतून बघत होती. मीही बघत होतो, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी धरून.

आत्या उठली. रक्त डोळ्यात जात होतं. तिनं डाव्या हातानं जिपेचं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "ज्यांचा नंबर नाय, त्यांनी उतरा."

आधी एक बाई उतरली, मग तिची पोरगी, मग एकेक करून सगळे. जीप रिकामी झाल्यावर आत्या खाली कोसळली.

दंड वाकडाच जुळला. पैलवानावर केस झाली, पण आठवड्यात तो सुटून आला. ड्रायव्हर लोक म्हणाले, आधीसारखी तिनंच पहिली थोबाडीत दिली असती तर एवढं झालं नसतं. तिच्या जागी पैलवानाचा भाचा उभा राहिला.

प्लास्टर निघाल्यावर ती एकदा दुकानात आली. मुलीकडं कायमची चालली होती. टीव्ही चालू करू का विचारलं, तर नको म्हणाली. मग तिनं सरळ विचारलं, "तू का नाय आलास रे?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, तू मारशील."

"मला पण शेवटपर्यंत तसंच वाटत होतं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

मी बघत राहिलो. तिनं नंबर लावला. पाळी आल्यावर मागच्या बाकावर बसली. भाच्याला अजून एक माणूस कोंबायचा होता. त्यानं तिच्या मोडक्या दंडाला धरून तिला ढकललं, सरक गे म्हातारे म्हणाला. तिचा चेहरा पांढरा पडला. ती सरकली.

मी कधी दुकानातून उतरलो ते मला कळलं नाही. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती, त्याचं डोकं मी जिपेच्या पत्र्यावर आपटलं होतं, आणि दुसऱ्यांदा आपटणार होतो.

"सोड त्याला," आत्या आतून म्हणाली. "लोकांना टाइम होतोय."

मी सोडलं. जीप धसईच्या रस्त्याला लागली. भाचा नाक धरून मला आईवरून शिव्या देत होता. माझ्या मुठीत त्याच्या शर्टाचं एक बटण राहिलं होतं.