पुडीतल्या गोळ्यांची नावं

परदेशात डॉक्टरी शिकून आलेल्यांची परीक्षा आधी दिल्लीवाले घेतात आणि मग गाव घेतं. दिल्लीची मी तिसऱ्या खेपेला पास झाले. गावाची अजून चालूच आहे.

सहा वर्षं मी किरगिझस्तानात काढली. आमच्याकडे हे नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी सगळ्यांसाठी ‘रशियाची डॉक्टरीण’. त्या म्हणण्यात कौतुक किती आणि खवचटपणा किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागतं. दोनदा नापास झाले तेव्हा वरवट बकालच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणं नकोसं झालं होतं. ज्याला स्वतःच्या पोराची इयत्ता माहीत नाही असा माणूसही चहाचा कप हातात धरून विचारायचा, "काय झालं वं तुह्या परीक्षेचं? पुन्हा लटकली का?" पास झाल्यावर मात्र एकानेही विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात उमेदवारी केली. तिथे इथल्याच कॉलेजांतून शिकलेली मुलं आम्हाला ‘फॉरेनवाले’ म्हणायची आणि सलाईन लावायचं काम आमच्या गळ्यात टाकून कॅन्टीनला जायची. एक फायदा झाला. कुठल्याही हाताची शीर मला आता डोळे मिटून सापडते.

मग गावातच रस्त्याला लागून दोन खोल्यांत दवाखाना टाकला. उद्घाटनाला सगळं गाव पेढे खाऊन गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलं. पलीकडे पुडीवाला होता.

तो मुळात कंपाउंडर. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे त्याने आयुष्य घालवलं. डॉक्टर वारले, कंपाउंडर राहिला, आणि डॉक्टरांचं टेबल, खुर्ची, स्टेथोस्कोप, पेशंट सगळं त्याच्याकडे राहिलं. कोणी ‘पाय दुखते’ म्हणालं की तो ड्रॉवर उघडतो, वहीच्या कागदाच्या चौकोनात एक पांढरी, एक नारिंगी आणि अर्धी पिवळी गोळी टाकतो, अंगठ्याने घडी दाबतो आणि म्हणतो, "सकाळ-संध्याकाळ." गोळ्या आधीच पाकिटातून काढून बरण्यांमध्ये भरून ठेवलेल्या. त्यांना ना नाव, ना तारीख. त्या पुडीने पाय दुखायचा राहतो, हे खरं आहे. बाई दुसऱ्या दिवशी निंदणाला जाते, हेही खरं. आमच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारट, ते पिऊन पिऊन किडन्या आधीच बेजार, त्यात ही पुडी रोज दोनदा, वर्षानुवर्षं. पुढे काय होतं ते मी ओरडून सांगायची. लोक शांतपणे ऐकायचे, "हाव, बरोबर हाय," म्हणायचे आणि रस्ता ओलांडायचे.

मला त्यांचा इतका राग यायचा की दुपारी दवाखाना रिकामा असताना मी त्या दुकानाकडे पाहत मनातल्या मनात भांडत बसायची. माणसाला स्वतःच्या पोटात काय जातंय हे विचारावंसं वाटू नये? बाजारात वांगी घेताना एकेक वांगं उलटंपालटं करून पाहणारे हे लोक!

आणि मग मोठीमायचे पाय सुजले.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिला मूलबाळ झालं नाही. मला जन्म आईने दिला, पण न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत भांडायला जाण्यापर्यंत सगळं मोठीमायने केलं. मी परदेशी जाऊ नये म्हणून सगळं घर एका बाजूला असताना ती एकटी म्हणाली होती, "जाईन थे. काऊन नाही जाणार?" घरातलं माझं सगळ्यांत जवळचं माणूस तेच.

सकाळी चेहरा सुजलेला, संध्याकाळी पाय. मी बोटाने नडगी दाबली तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. रक्त तपासलं. किडनी किती चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा पाहून मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पुन्हा सरळ केला. आकडा तोच होता.

अकोल्याला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सरळ विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या? ते कळलं तर किडनी आणखी कशाने बिघडली का, हे शोधायचं की नाही ते ठरणार होतं. आणि घेत असेल तर आजच्या आज बंद, तरच उरलेलं काही वाचणार, नाहीतर डायलिसिस.

मोठीमाय म्हणाली, "कधीमधी घेतली असंन एखांदी."

ती खोटं बोलतेय हे मला तिच्या आवाजावरून कळलं. खोटं बोलताना ती फार सभ्य होते. परतीच्या प्रवासात मी तिच्या मागेच लागले. कोणी दिल्या? पलीकडच्यानेच ना? कधीपासून? मी असताना घ्यायचीस का? ती खिडकीबाहेर पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "मले काय धाड भरली? एवढी कावकाव नको करू, लोक पाहून राह्यले."

घरी आल्यावर मी तिची ट्रंक उघडली, गव्हाच्या कोठीत हात घातला, देवघराचा कप्पासुद्धा पाहिला. पुड्या सापडल्या त्या तिच्या लुगड्याच्या घडीत. मी त्या मोरीत ओतल्या आणि तिच्यावर अशी ओरडले की शेजारीण दारात आली. ज्या बाईने मला वाढवलं तिला मी ‘अडाणी’ म्हणाले. ती रडली नाही. तिने रिकामे कागद गोळा केले आणि चुलीत टाकले. कधीपासून, हे तिने तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला. पुडीवाल्यापुढे चार माणसं बसली होती. मी त्यांच्यादेखत त्याच्या टेबलावर मोठीमायचा रिपोर्ट आपटला. पोलिसात देते, आरोग्य खात्यात देते, बरण्या रस्त्यावर फोडते, तोंडाला येईल ते बोलले. तो म्हातारा उठला नाही. चष्मा काढून त्याने सदऱ्याला पुसला.

"माह्यावर काऊन तापून राह्यली पोरी?" तो म्हणाला. "मी पुड्या देतो, हे सारं गाव जाणते. पह्यले लोक इचारत तरी होते, गोळीचं नाव काय, काही होईन का म्हणून. तुही मोठीमाय तं पह्यलांदा पुडी नेऊन चार दिवस तशीच ठेवून बसली होती, भेव वाटे तिले. मंग तूच तिले रशियातून सांगतलं ना, घे म्हणून? तवापासून तुमच्या गल्लीतल्या एका बाईनं मले नाव इचारलं नाही. डॉक्टरीणनं पाह्यली हाय म्हनत."

मी म्हणाले, "खोटं बोलू नका."

"मंग इचार तिले."

विचारायची गरज पडली नाही. रस्ता ओलांडून परत येईपर्यंत मला ते आठवलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं.

ज्यांच्या घरातलं पोर परदेशी डॉक्टरी शिकायला जातं त्यांना हे वेगळं सांगायला नको. विमानात बसल्या दिवसापासून ते पोर घरच्यांसाठी डॉक्टर असतं. व्हिडिओ कॉल लागला की आधी आई, मग बाबा, मग सगळी गल्ली फोनपुढे येते. कोणी जीभ काढून दाखवतं, कोणी नातवाच्या अंगावरची पुरळ, कोणी सोनोग्राफीचा कागद उलटा धरतं. आणि पोर? पोराला ते आवडतं. मला आवडायचं. त्या पहिल्या हिवाळ्यात मी हॉस्टेलच्या खोलीत, हीटरला पाय लावून, फक्त फोनसाठी पांढरा एप्रन चढवायची. खाली पायजमा असायचा. औषधांचा विषय आम्हाला तिसऱ्या वर्षाला होता. मला तेव्हा जेमतेम हातापायाच्या हाडांची नावं येत होती.

मोठीमायने पुडीचा उघडा कागद कॅमेऱ्याला इतका चिकटवला की पडद्यावर नुसता पांढरा डाग दिसत होता. मागे गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. तिने विचारलं, "हे घेऊ का वं? गुडघे लय दुखते. तू म्हनशीन तं घेतो." मला दुसऱ्या दिवशी पेपर होता. आणि मागच्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "घे ना मोठीमाय. काही होत नाही." वर मानही डोलावली असणार, आमच्या तिथल्या प्राध्यापिका डोलवायच्या तशी.

म्हणजे नऊ वर्षं. मी दवाखान्याच्या खुर्चीत बसून बोटांवर मोजली. अकोल्याच्या डॉक्टरांना हवं असलेलं उत्तर माझ्याकडेच होतं आणि मी ते त्या बाईच्या ट्रंकेत शोधत होते. मला माझाच इतका संताप आला की टेबलावरचं बीपीचं यंत्र मी भिंतीवर मारणार होते. मारलं नाही, कारण दुसरं नव्हतं.

घरी गेले तेव्हा ती तुरी पाखडत होती. मी म्हणाले, "मीच सांगितलं होतं तुला. तू बोलली का नाहीस?"

सूप थांबलं. "कोण सांगतलं तुले?"

"म्हणजे खरं आहे."

"तुले आठोत नव्हतं थे बरं होतं," ती म्हणाली. मग एकदम आवाज चढवून, "आता तोंड उघडू नको. तुह्या दवाखान्यात आधीच कोणी येत नाही. हे समजलं तं उद्या कुत्रं येणार नाही तिकडं. माह्या किडन्या गेल्या तं गेल्या, तुही डॉक्टरकी नाही गेली पाह्यजे."

म्हणजे माझ्यासाठी ही बाई अकोल्याला मोठ्या डॉक्टरसमोर खोटं बोलली होती. माझ्यासाठी तिने ‘अडाणी’ ऐकून घेतलं होतं. यावर माणसाने रडावं. मी भडकले. माझ्या पाटीला जपायला हिने स्वतःच्या आजाराचा तपास अडवून धरला, याहून मोठा मूर्खपणा मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्याला कारण मी होते.

मी तिचं ऐकलं नाही. पुढच्या सकाळी गल्लीतल्या घराघरांत गेले, मोठीमाय दारातून ‘ये इकडं’ ओरडत असताना. प्रत्येक बाईला म्हणाले, पुडी घे असं मी फोनवर म्हणाले होते, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, ती आजपासून बंद करा आणि रक्त तपासून घ्या. काहींनी डोक्याला पदर घेऊन ऐकलं. एकीने चहा टाकला. एक म्हातारी म्हणाली, "तवा घे म्हने, आता नको म्हने, उद्या काय म्हनशीन?" आणि दार लावून घेतलं. सात जणी दवाखान्यात आल्या. त्यांतल्या दोघींचे आकडे वाईट निघाले. त्या दोघींना रिपोर्ट वाचून दाखवताना माझा आवाज कसा होता, ते त्यांनाच विचारावं लागेल.

दवाखाना पूर्वीपेक्षा रिकामा झाला. मोठीमाय म्हणाली होती तसंच झालं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि तोंड फिरवायची.

अकोल्याला दुसऱ्यांदा जायचा दिवस आला. नऊ वर्षं, रोज दोन, असं सगळं मी डॉक्टरांसाठी कागदावर लिहून घेतलं होतं. तिने तो कागद माझ्या हातात पाहिला. गाडीत चढताना तिने दाराचा दांडा धरला, मी आधार द्यायला गेले तर माझा हात झटकला.

"एवढी खरं बोलाची हौस होती," ती म्हणाली, "तं तवाच म्हनाचं होतं, मले मालूम नाही."

मी तिच्या शेजारी बसले. अकोला येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि या खेपेला मी तिच्या मागे लागले नाही.