तंट्याचा रकाना

शांततेसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या संचालकपदासाठी मी अर्ज भरत होतो. ‘आपण मिटवलेला एखादा तंटा लिहा’ या रकान्यापाशी पेन अडलं. बायकोला विचारलं.

“तुम्ही मिटवलेला? लावलेला चालत असेल तर लिहा!”

खरंच होतं. शेजारच्या सुमनताईंनी दिलेला खिरीचा डबा मी स्वच्छ घासून, पण रिकामाच परत केला होता. तेव्हापासून महिनाभर दोन्ही घरांत अबोला.

एवढं बोलून बायको लोणच्याची वाटी घेऊन बाहेर पडली. मी खिडकीतून पाहत राहिलो. सुमनताईंनी दार उघडलं, वाटी घेतली.

“मीठ बेताचं आहे ना गं?”

“चाखून सांगा की!”

दोघी हसल्या. माफी कुणी मागितली नाही, चूक कुणी काढली नाही. मग तंटा नेमका मिटला कधी? वाटी घेताना, की मिठाची चौकशी करताना? दोघींनाही ते सांगता आलं नसतं.

मी रकान्यात लिहिलं, ‘मिटवलेला एकही नाही. मिटताना एक पाहिला. कसा मिटला ते शिकायचं आहे.’

नोकरी मनापासून हवी होती, म्हणून खोटं लिहवेना.