बारा मीटरचे दाजी

आमच्या शहराच्या नकाशावर अशी एकही रेघ नसेल, जिच्यावर माझ्या साडूंनी हरकत घेतलेली नाही. रस्ता असो, नाला असो, नाहीतर उद्याच्या बागेसाठी राखलेला आजचा उकिरडा असो. सरकारनं रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या साडूंनी तिच्यावर टेप धरायची, हा नेम कधी चुकला नाही. नात्यानं ते आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, आणि बीड बायपासच्या पलीकडं एकाच कॉलनीत इतकी वर्षं काढूनही त्यांच्या लेखी मी पाव्हणाच आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात दाजी क्वालिटीत होते. जन्मभर दुसऱ्यानं केलेली वस्तू हातात घ्यायची, मापायची आणि 'रिजेक्ट' म्हणून बाजूला ठेवायची. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खोड काही सुटली नाही. मग त्यांनी शहरच मापायला घेतलं. आपण पेपरात राशिभविष्य बघतो, दाजी जाहीर सूचना बघतात. 'नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य नियमात आहे म्हणून छापतात. ते कुणी मनावर घ्यावं अशी छापणाऱ्याची मुळीच इच्छा नसते. पण दाजी ते घरी आलेल्या लग्नपत्रिकेसारखं वाचतात आणि तसेच कडक इस्त्री करून जातात. बगलेतल्या पिशवीत अर्जाच्या तीन प्रती, पोलादी टेप, आणि स्वतःचं शाईचं पॅड. पॅड कशाला, तर अर्ज घेतल्याची पोच म्हणून कचेरीतला कारकून जो शिक्का मारतो, त्याची शाई कायम वाळलेली असते. "शिक्का उमटला नाय तर अर्ज दिलाच नाय, पाव्हणं," असं ते मला बजावतात. घरी एक पत्र्याची पेटी आहे. दुसऱ्याच्या घरात अशा पेटीत दागिने निघतील. दाजींच्या पेटीत नुसत्या पोचा निघतात.

माझ्या पुतणीच्या लग्नात फोटोला दाजी सापडेनात. शोधलं तर गडी मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी वाकून टेप लावत होता. "आग लागली तर एवढी पंगत ह्या दारातनं पळंल का?" असं विचारून त्यांनी मॅनेजरला तिथल्या तिथं लेखी हरकत दिली आणि पोच मागितली. तो बिचारा गुलाबजाम मोजत होता. शेवटी त्यानं जेवणाच्या कुपनाच्या पाठीवर सही करून दिली तेव्हा दाजी फोटोला आले. फोटोत ते नवरा-नवरीकडं बघतच नाहीत, स्टेजच्या पायऱ्यांकडं बघतायत.

सुनावणी हा तर त्यांचा सण. सुनावणी म्हणजे बोलणाऱ्यानं बोलून घ्यायचं, ऐकणाऱ्यानं मान हलवायची आणि नकाशानं जागचं हलायचं नाही. आमच्याकडं ती नेमकी नळाच्या दिवशी ठेवतात. आठवड्यानं येणारं पाणी सोडून कोण जाणार? त्यामुळं समोर बऱ्याचदा एकटे दाजीच. "या. आलात?" साहेब म्हणायचे, सासुरवाडीच्या नकोशा माणसाला म्हणावं तसं. मग महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर यायचं, की आपली हरकत विचारात घेऊन फेटाळण्यात आली आहे. दाजी खूश. "बघा, विचारात घेतली म्हणतेत." कपाळावर हात मारून मी चहा मागायचा.

आणि एवढ्या सगळ्या फेटाळणीत, दैवाची करणी बघा, त्यांची एक सूचना चक्क मान्य झाली.

झालं असं, की गरिबांसाठी बांधायची घरकुलं आराखड्यात पार शेंद्र्याच्या पुढं, माळावर दाखवली होती. दाजींनी लिहून दिलं, की ती आमच्या कॉलनीमागच्या रिकाम्या सरकारी जागेवर घ्या. दाजी आणि आक्का, म्हणजे हिची बहीण, यांनी वाळूजजवळ एका खोलीत, गावाकडच्या चार पाळीवाल्यांसकट, वीस वर्षं काढलेली. एक जण पाळीवरून आला की झोपायला दुसऱ्यानं अंथरूण रिकामं करायचं. त्यांनी अर्जात लिहिलं होतं : 'पाळीचा माणूस दोन बसा बदलून माळावर पोचला, तर झोपेल कधी आणि उठेल कधी?' साहेबांना काय सुचलं कोण जाणे, मान्य! पत्र आलं तेव्हा दाजी आधी घाबरलेच. चुकून आलं असेल म्हणून ते कचेरीत परत द्यायला गेले होते.

कॉलनीत मात्र भडका उडाला. घरकुलं? आपल्या मागं? वातावरण बिघडेल, पाणी पुरणार नाही, पोरींनी गच्चीवर जायचं कसं! आता खरं सांगायचं तर आमची अख्खी कॉलनीच गुंठेवारीतली, शेताचे तुकडे पाडून विनापरवाना बांधलेली. घरं नियमित झाल्याचे कागद आमच्या कपाटात पुरते बसलेसुद्धा नव्हते. पण माणसाच्या पायाखाली फरशी आली की मातीत उभा राहिलेला माणूस त्याला खुपायला लागतो. विरोधाचा अर्ज फिरला. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. लाज वाटली, पण पेन चांगलं चालत होतं.

कॉलनीचे अध्यक्ष पोचलेले. त्यांनी नकाशातून एक फट शोधून काढली. घरकुलाकडं जाणारा रस्ता आमच्या कॉलनीतून जातो आणि नकाशात तो नऊ मीटर दाखवलाय. एवढ्या घरांना बारा लागतो. रस्ता नऊचाच राहिला तर घरकुलं आपोआप रद्द. तो बाराचा करायचा तर मधे एकच घर येतं, कोपऱ्यावरचं, दाजींचं. अध्यक्ष हसून म्हणाले, "स्वतःचं घर कोण कापतंय? त्यांना फक्त गप्प बसायला सांगा." आणि सांगायला मला, साडू म्हणून, पाठवलं.

मी गेलो तर दाजी आपल्याच बैठकीत गुडघ्यांवर बसून टेप लावत होते. दुसरं टोक आक्कानं धरलं होतं आणि ती रडत होती.

"काय करायलात दाजी?"

"नकाशात चूक हाय, पाव्हणं. नऊ न्हाय, बारा पायजे. आगीचा बंब वळत नाय."

"पण बैठक जाईल की तुमची!"

"पूर्ण नाय. साडेसात फूट."

ती बैठक आक्कानं शिलाई मशीनवर वाकून वाकून उभी केलेली. वीस वर्षं एका खोलीत काढलेल्या बाईला आल्यागेल्याला बसवायला एक जागा हवी होती, बास, एवढीच तिची हौस. समोरच्या भिंतीत बुद्धमूर्तीसाठी तिनं कोनाडा करून घेतला होता. तोही जाणार होता. "सांगा ह्यांना काहीतरी," ती मला म्हणाली. "दुसऱ्याला घर मिळावं म्हणून सोताचं पाडणारा माणूस बघितलाय का कुठं?" मी दाजींना म्हणालो, की तुम्ही काही बोलू नका, नुसतं गप्प बसा, चूक तर नकाशा काढणाऱ्यांची आहे. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं कारखान्यात वाकड्या नटाकडं बघत असतील. "चुकीचा माल दिसला आन् सोडून दिला, असं मी कधी केलं नाय," ते म्हणाले. आक्कानं डोळे पुसले, पण टेपचं टोक काही सोडलं नाही.

सुनावणी पुन्हा नळाच्या दिवशीच आली. त्या दिवशी मात्र पाणी सोडून सगळी कॉलनी हजर. दाजींनी अर्ज पुढं केला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "अहो, यात तुमचंच घर जातंय."

"घर नाय, बैठक. माप लिव्हलंय."

"विचार करून सांगा."

"विचार झालाय साहेब. पोच द्या."

कारकुनानं शिक्का मारला, उमटला नाही. दाजींनी पिशवीतून आपलं पॅड काढून दिलं.

रस्ता बारा मीटरचा मंजूर झाला. कॉलनीनं दाजींशी बोलणं टाकलं. मोजणीवाले येऊन भिंतीवर लाल खूण करून गेले. ती चार बोटं चुकली होती, दाजींनी ती खोडून स्वतः बरोबर जागी केली, घराच्या आणखी आत. मग तेवढ्यानं समाधान होईना म्हणून बैठकीतल्या फरशीवरही लाल रंगानं रेघ ओढली. आता कुणी पाहुणा आला आणि खिडकीपाशी टेकला, की दाजी गंभीरपणे सांगतात, "रस्त्यात बसलात. जरा आत सरका."

परवा मी गेलो होतो. न राहवून म्हणालो, "दाजी, त्या विरोधाच्या अर्जावर माझीबी सही होती."

"माहिती हाय," ते म्हणाले. "गट नंबर चुकला होता तुमचा. कचेरीत अर्ज घेतेत त्या टेबलावरच बाद करायले होते. मी दुरुस्त करून दिला."

"तुम्ही? आमचा अर्ज?"

"मग? हरकत घ्यायचा हक्क तुम्हालाबी हायच की."

एवढ्या वर्षांत मी या माणसाला हसत आलो, आणि आमच्या शहरात माझं म्हणणं कुणी नीट वाचलं असेल तर ते ह्यानंच. मी उठलो आणि खुर्ची रेघेच्या पलीकडं, रस्त्यात, नेऊन ठेवली. दाजींनीही आपली खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी आणली. आक्कानं चहा तिथंच आणून दिला. कोनाडा तिनं अजून रिकामा केलेला नाही.

घरकुलाचं काम काही सुरू झालेलं नाही. होईल, होईल म्हणतात. झालं, तर एक दिवस पहाटेच्या पाळीचा कुणी माणूस डबा लटकवून आमच्या ह्या चहाच्या जागेवरून गाडी दामटत जाईल. इथं एका बाईची बैठक होती, हे त्याला कळायचं काही कारण नाही. दाजी मात्र उरलेल्या घराच्या दारात उभे असतील आणि त्याला थांबवून सांगतील, की बाबा, डाव्या बाजूनं जा.